विषाचे कुलूप, जिवाणूंची किल्ली

बांगलादेशातील आराइहाजार भागातल्या सुमारे ११ हजार प्रौढांच्या आरोग्याचा तब्बल वीस वर्षे मागोवा घेणाऱ्या एका पाहणीचे निष्कर्ष नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्यांच्या शरीरातील आर्सेनिकचे प्रमाण या काळात लक्षणीय घटले, त्यांना हृदयविकार, कर्करोग आदी जुनाट आजारांनी मृत्यू येण्याचा धोका, ज्यांच्या शरीरात ते चढेच राहिले त्यांच्या तुलनेत, निम्म्यापर्यंत कमी झाल्याचे या पाहणीत आढळले. वर्षानुवर्षे विषारी पाणी पोटात गेलेल्या माणसालाही पाणी बदलल्याने आयुष्य परत मिळू शकते, हा या पाहणीचा अर्थ. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील कोट्यवधी लोकांसाठी इतकी आश्वासक बातमी गेल्या कित्येक वर्षांत आली नव्हती.

मात्र या बातमीने एक जुना प्रश्नही पुन्हा ऐरणीवर आला आहे. पाण्यातून काढलेले विष जाते कुठे, आणि मुळात ते पाण्यात येते कसे? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. जमिनीखालच्या गाळात, प्राणवायूविना जगणाऱ्या आणि लोहखनिजांवर आपला श्वास चालवणाऱ्या जिवाणूंपाशी. आर्सेनिकमुक्तीच्या योजना आखताना गाळणी, नळ आणि निधी यांचा हिशेब होतो. या जिवाणूंचा मात्र क्वचितच होतो. तो न केल्याने आज काढलेले विष उद्या दुसऱ्या वाटेने परत येण्याचा धोका आहे.

या संकटाचा इतिहास सर्वपरिचित असला तरी तो थोडक्यात आठवणे आवश्यक आहे. तळी आणि नद्यांच्या दूषित पाण्यामुळे होणाऱ्या अतिसाराने बंगालच्या खेड्यांत बालमृत्यूंचे प्रमाण मोठे होते. त्यावर उपाय म्हणून १९७० च्या दशकापासून युनिसेफसह अनेक संस्थांनी उथळ कूपनलिकांचा पुरस्कार केला. जंतुविरहित पाणी देणारे लाखो हातपंप गावोगाव उभे राहिले. १९८३ मध्ये कोलकात्याच्या ‘स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन’मधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्यासमोर तळहात-तळपायांवर खरखरीत गाठी आणि अंगभर काळे-पांढरे ठिपके असलेले रुग्ण आले, आणि या ‘शुद्ध’ पाण्यातील आर्सेनिक उघडकीस आले. पुढे जादवपूर विद्यापीठाच्या डॉ. दीपंकर चक्रवर्ती यांनी आयुष्य वेचून या विषाचा नकाशा तयार केला. २००२ मध्ये बिहारच्या भोजपूर जिल्ह्यातील सेमरिया ओझा पट्टी आणि त्यापाठोपाठ उत्तर प्रदेशातील बलिया या नकाशावर आले. बांगलादेशातील साडेबारा कोटी लोकसंख्येपैकी साडेतीन ते पावणेआठ कोटी लोकांना धोका असल्याचा अंदाज २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत मांडला गेला, आणि इतिहासातील सर्वात मोठी सामूहिक विषबाधा असे तिचे वर्णन झाले.

हे विष कोणा कारखान्याने सोडलेले नाही. हिमालयातील खडकांची झीज होताना त्यांतील आर्सेनिक, ज्याला आपल्याकडे सोमल म्हणून ओळखतात त्याचेच मूळ द्रव्य, सुटे होते. त्याच वेळी खडकातील लोहाचा गंज तयार होतो आणि गाळाच्या कणांवर त्याचा तांबूस थर बसतो. आर्सेनिकला या गंजाची विलक्षण ओढ असते. ते त्याला चिकटून बसते. हजारो वर्षे गंगा आणि ब्रह्मपुत्रा असा गाळ वाहून आणत राहिल्या आणि त्रिभुज प्रदेश घडत गेला. जोवर गंज शाबूत आहे, तोवर आर्सेनिक कुलूपबंद आहे आणि पाणी सुरक्षित आहे.

या कुलपाची किल्ली जिवाणूंकडे आहे. माणूस अन्नातील ऊर्जा मिळवताना उरलेले इलेक्ट्रॉन प्राणवायूच्या स्वाधीन करतो. त्यालाच आपण श्वसन म्हणतो. गाळाखाली प्राणवायू नसतो. तेथील काही जिवाणू कुजणाऱ्या वनस्पतींचे अन्न घेतात आणि इलेक्ट्रॉन थेट लोहाच्या गंजाला देतात. इलेक्ट्रॉन मिळालेले लोह पाण्यात विरघळते. रसायनशास्त्रात या क्रियेला क्षपण म्हणतात. डेरेक लव्हली यांनी १९८७ मध्ये अमेरिकेतील पोटोमॅक नदीच्या गाळातून असा एक जिवाणू वेगळा काढला. पुढे ‘जिओबॅक्टर’ या नावाने हे कुल प्रसिद्ध झाले. दुसऱ्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातील ओनायडा सरोवरातील अशाच गुणाचा जिवाणू प्रकाशात आला. तो आज ‘शेवानेला’ कुलात गणला जातो. लोहखनिजे विरघळण्याची क्रिया निव्वळ रासायनिक नाही, तिच्यामागे सजीव आहेत, हे या शोधांनी ठसवले.

बंगालच्या संदर्भात हे मान्य व्हायला वेळ लागला. सिंचनासाठी बेसुमार उपसा झाल्याने भूजलाची पातळी खालावते, गाळात हवा शिरते, आणि तेथील गंधकयुक्त खनिजांचे ऑक्सिडीभवन होऊन आर्सेनिक सुटते, असा एक सिद्धान्त १९९० च्या दशकात मांडला जात होता. लंडन आणि ढाका येथील संशोधकांनी १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये नेमके उलटे कारण पुढे केले: हवा शिरल्याने नव्हे, तर हवा नसल्याने लोहाचा गंज विरघळतो आणि त्यावरचे आर्सेनिक मोकळे होते. २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातील संशोधक आणि त्यांच्या बंगालमधील सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधील गाळ प्रयोगशाळेत हवाबंद ठेवून त्यात जिवाणूंना खाद्य म्हणून अ‍ॅसिटेट घातले. गाळातील जिवाणूंनी प्रथम लोहाचे क्षपण केले आणि त्यानंतर आर्सेनिक पाण्यात उतरले. दोन्ही क्रिया एकाच वेळी घडल्या नाहीत, ही या प्रयोगातील महत्त्वाची बाब होती. लोहाचे कुलूप सैल झाल्यावरही काही काळ आर्सेनिक खनिजांना धरून राहते आणि नंतर सुटते. म्हणजे पाण्यात लोह वाढू लागणे ही धोक्याची पूर्वसूचना मानायला हवी.

येथे एक स्वाभाविक शंका येते. आर्सेनिक हे जर सजीवांसाठी विष आहे, तर ते या जिवाणूंना का मारत नाही? रसायनशास्त्राच्या काटेकोर वर्गीकरणात आर्सेनिक उपधातू असले तरी विषारीपणात त्याची गणना जड धातूंमध्येच होते, आणि जड धातू जिवाणूंनाही सोडत नाहीत. कॅडमियम, पारा आणि आर्सेनिकचे आर्सेनाइट हे रूप प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना चिकटून विकरे निकामी करतात. तांबे लोह-गंधकाच्या नाजूक रचना मोडते. आर्सेनेट हे दुसरे रूप तर फॉस्फेटसारखेच दिसत असल्याने पेशीच्या दारातून बिनदिक्कत आत शिरते आणि ऊर्जानिर्मितीत खीळ घालते. मात्रा पुरेशी वाढली की लोहाचे क्षपण मंदावते, प्रसंगी थांबते.

परंतु पृथ्वीवर आर्सेनिक जितके जुने, जवळपास तितकाच जुना जिवाणूंचा त्याच्याशी झगडा आहे. बहुसंख्य जिवाणूंच्या जनुकांमध्ये आर्सेनिकविरुद्धची तटबंदी असते. पेशीत शिरलेल्या आर्सेनेटचे ते आर्सेनाइटमध्ये रूपांतर करतात आणि पेशीच्या पडद्यातील पंपाद्वारे ते बाहेर फेकतात. काही जिवाणूंनी तर यापुढची मजल मारली आहे: लोहाप्रमाणेच आर्सेनेटलाही इलेक्ट्रॉन देऊन ते त्यावर श्वसन करतात. दोन्ही वाटांनी परिणाम एकच होतो. बाहेर पडणारे आर्सेनाइट हे सर्वसाधारण भूजलात आर्सेनेटपेक्षा सहज वाहणारे, माणसाला अधिक घातक आणि गाळण्यांना पकडायला अधिक अवघड असते. जिवाणूचा स्वसंरक्षणाचा उपाय माणसाच्या मुळावर येतो.

विषाची मात्रा वाढल्यावर ही प्रक्रिया आपोआप थांबेल, अशी आशा बाळगण्यातही अर्थ नाही. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील कूर डलेन सरोवर हे त्याचे बोलके उदाहरण. सरोवराच्या वरच्या अंगाला १८८० च्या दशकापासून चांदी, शिसे आणि जस्ताच्या खाणी चालल्या. खाणींचा टाकाऊ गाळ दशकानुदशके थेट नदीत सोडला गेला आणि सरोवराच्या तळाशी शिसे, जस्त, कॅडमियम व आर्सेनिक यांचा जाड थर साचला. इतक्या विषारी गाळात लोह-क्षपण करणारे जिवाणू तगून नसतील, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय तपासणीत ‘जिओबॅक्टर’ कुळातील विविध जिवाणू या गाळात नांदत असल्याचे दिसले. जड धातू संवेदनशील जातींना बाजूला सारतात, चिवट जातींना वाव देतात. लोह विरघळण्याचे काम मात्र सुरूच राहते.

या जिवाणूंना रोखणारा खरा लगाम दोनच गोष्टींचा: प्राणवायूची उपस्थिती आणि अन्नाचा अभाव. धोरणाच्या दृष्टीने ही बाब निर्णायक ठरते, कारण मानवी हस्तक्षेपाने या दोन्ही गोष्टी बदलतात.

पहिला हस्तक्षेप उपशाचा. उथळ थरातील पाणी विषारी निघाल्याने बांगलादेश आणि पश्चिम बंगालमध्ये खोल कूपनलिकांचा पर्याय स्वीकारला गेला. खोलवरच्या प्राचीन, तांबूस वाळूतील गंज अद्याप शाबूत असल्याने तेथील पाण्यात आर्सेनिक सहसा कमी असते. करड्या वाळूतले पाणी टाळावे आणि तांबूस वाळूतले घ्यावे, हा कूपनलिका खोदणाऱ्या स्थानिक कारागिरांचा ठोकताळा शास्त्रशुद्धच आहे. पण खालून उपसा वाढला की वरचे आर्सेनिकयुक्त आणि सेंद्रिय पदार्थांनी भरलेले पाणी खाली ओढले जाते. व्हिएतनाममधील हनोई शहराच्या उपशामुळे नेमके हेच घडल्याचे २०१३ मध्ये ‘नेचर’मधील अभ्यासाने दाखवले. त्यातला दिलासा असा, की वाळूतील गंज वाटेत आर्सेनिकला पुन्हा पुन्हा पकडत असल्याने पाण्याच्या तुलनेत त्याची गती सोळा ते वीसपट मंद होती. धोका टळलेला नाही, लांबलेला आहे. खोल पाणी केवळ पिण्या-स्वयंपाकासाठी वापरले तर बहुतांश भागात ते दीर्घकाळ सुरक्षित राहील, सिंचनासाठी उपसले तर राहणार नाही, हा २००८ मधील गणिती प्रारूपाचा निष्कर्ष याच्याशी सुसंगत आहे. तरीही खोल पाण्याच्या वापरावर कठोर निर्बंध घालण्याचे राजकीय धाडस सीमेच्या दोन्ही बाजूंना अभावानेच दिसते. पंपाला मिळणारी स्वस्त वीज आणि उन्हाळी भात यांचे हितसंबंध त्याआड येतात.

दुसरा हस्तक्षेप अन्नाचा. गाळातील जिवाणूंना खाद्य कुठून मिळते, यावर तज्ज्ञांत दोन दशके वाद सुरू आहे. प्राचीन दलदलीत गाडलेला वनस्पतींचा अवशेष हा एक स्रोत. २०१० मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मात्र खेड्यांतील तळ्यांकडे बोट दाखवले: घरांसाठी भराव काढताना खणलेल्या तळ्यांतून सेंद्रिय द्रव्य झिरपून खाली जाते. जमिनीखालील जिवाणूंच्या डीएनएमधील किरणोत्सारी कार्बनची तपासणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. हे जिवाणू गाळाच्या वयाच्या मानाने बराच ताजा, पृष्ठभागावरून आलेला कार्बन खात असल्याचे तीत आढळले. प्रमाण जागोजागी वेगळे असेल, तरी सांडपाणी, शोषखड्डे आणि कचऱ्याची साठवण यांचा भूजलातील आर्सेनिकशी संबंध जोडून पाहणे आता अपरिहार्य आहे. स्वच्छतेचे खाते वेगळे आणि भूजलाचे खाते वेगळे, ही कागदावरची विभागणी जमिनीखाली लागू पडत नाही.

तिसरा आणि सर्वाधिक दुर्लक्षित हस्तक्षेप गाळण्यांचा. आर्सेनिक काढण्याच्या बहुतेक यशस्वी तंत्रांचा आधार निसर्गातलेच कुलूप आहे. प्रा. अबुल हुसाम यांच्या ‘सोनो’ गाळणीला २००७ मध्ये अमेरिकेत दहा लाख डॉलरचा ग्रेंजर पुरस्कार मिळाला; तिच्या गाभ्याशी लोहाचे मिश्रण आहे. मद्रास आयआयटीतील प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने विकसित केलेले ‘अमृत’ हे तंत्रही लोहाच्या सूक्ष्म संयुगांवरच चालते. ही तंत्रे स्वस्त आहेत, उपयुक्त आहेत आणि त्यांनी असंख्य कुटुंबांचे पाणी सुरक्षित केले आहे. पण गाळणी विष नष्ट करीत नाही. ती ते साठवते. गाळणीचे माध्यम संपृक्त झाले किंवा सामुदायिक संयंत्रातून गाळ निघाला, की उरते ते आर्सेनिकने भरलेले लोहाचे लगद्यासारखे द्रव्य. ते तळ्यात, शेताच्या बांधावर वा उकिरड्यावर टाकले तर प्राणवायूचा अभाव आणि कुजणारे अन्न, दोन्ही तेथे तयारच असतात. असा गाळ शेणात मिसळावा, असा सल्लाही ग्रामीण भागात दिला गेला होता. आर्सेनिकचे वायुरूप संयुग होऊन ते उडून जाईल, अशी त्यामागे अपेक्षा होती. वायुरूपात जाणारा अंश अभ्यासांत अत्यल्प आढळला. आणि शेण हे तर अशा जिवाणूंसाठी आयते पक्वान्न.

हा धोका नेहमीच्या चाचणीत दिसतही नाही. टाकाऊ पदार्थ घातक आहे की नाही, हे ठरवण्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची जी पद्धत अनेक देशांत प्रमाण मानली जाते, तीत नमुना सौम्य आम्लात सुमारे १८ तास घुसळून काय विरघळते ते पाहतात. या चाचणीत लोहयुक्त गाळ बहुधा निर्धोक ठरतो. कचराभूमीच्या पोटात मात्र परिस्थिती अगदी निराळी असते: प्राणवायू नाही, सेंद्रिय द्रव्य मुबलक, जिवाणू सक्रिय आणि कालावधी १८ तासांचा नव्हे तर वर्षांचा. अ‍ॅरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी ही चाचणी कचराभूमीतील आर्सेनिकची गळती प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवते, हे २००४ मध्येच सप्रमाण मांडले. जिवाणूंना वगळून आखलेली चाचणी जिवाणूंनी घडवलेले संकट पकडू शकत नाही, ही साधी गोष्ट नियमावलीत उतरायला इतका विलंब लागावा, हे खेदजनक आहे.

न विचारलेला प्रश्न किती महाग पडतो, याचा धडा या प्रदेशाला आधीच मिळाला आहे. ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षणाने १९९२ मध्ये बांगलादेशातील भूजलाच्या नमुन्यांत अनेक मूलद्रव्ये तपासली, आर्सेनिक मात्र तपासले नाही. त्यावरून लंडनमध्ये खटला झाला. अहवाल देणाऱ्या संस्थेवर तेथील रहिवाशांप्रती तशी कायदेशीर जबाबदारी नव्हती, असे ठरवून २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने दावा फेटाळला. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण मिटले. पण मधल्या वर्षांत लोक तेच पाणी पीत राहिले.

ताटातला भातही या साखळीतून सुटलेला नाही. पाण्याने भरलेल्या भातखाचरात प्राणवायू संपतो, लोह-क्षपण करणारे जिवाणू कामाला लागतात आणि मातीतील आर्सेनिक आर्सेनाइट होऊन बाहेर येते. सिलिका शोषण्यासाठी असलेल्या वाटेनेच भाताची मुळे ते आत घेतात. खाचर अधूनमधून कोरडे ठेवल्यास दाण्यातील आर्सेनिक घटते, पाण्याचीही बचत होते. पण माती कोरडी होताच कॅडमियम अधिक सुटे होते आणि पिकात शिरते. हाडे ठिसूळ करणाऱ्या ‘इताइ-इताइ’ या विकाराने जपानमधील जिंझू नदीकाठच्या गावांची कॅडमियमने केलेली दुर्दशा विसरण्याजोगी नाही. त्यामुळे एकच सल्ला सर्व शेतांना लावता येणार नाही; मातीत कोणता धातू किती, हे पाहूनच पाण्याचे वेळापत्रक ठरवावे लागेल. तापमान आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड एकत्र वाढले तर तांदळातील आर्सेनिक वाढते, असा निष्कर्ष ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने काढला आहे. हवामानबदलाच्या चर्चेत या पैलूला स्थान मिळायला हवे.

या साऱ्यावरून लोह-क्षपण करणारे जिवाणू हे माणसाचे शत्रू ठरवण्याचे कारण नाही. ज्या क्रियेने आर्सेनिक सुटते, त्याच क्रियेने युरेनियम बांधले जाते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात रायफल या गावी युरेनियमने दूषित झालेल्या भूजलात २००२ मध्ये अ‍ॅसिटेट सोडण्यात आले. ‘जिओबॅक्टर’ची संख्या वाढली आणि विरघळलेले युरेनियम अविद्राव्य होऊन काही आठवड्यांत पाण्यातील त्याचे प्रमाण घसरले. पुढे दुसऱ्या जातीचे जिवाणू वरचढ होताच ते पुन्हा वाढू लागले. जिवाणूंचे अन्न, त्यांचे प्रतिस्पर्धी आणि भोवतालची खनिजे यांचे भान ठेवले तर ते उपयोगी पडतात, आणि भान सुटले की हिशेब उलटतो, हेच त्यातून दिसले.

भारतात १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने आर्सेनिकबाधित वस्त्यांना प्राधान्य दिले आणि नळ पोहोचेपर्यंत पिण्या-स्वयंपाकापुरते पाणी देणारी सामुदायिक शुद्धीकरण संयंत्रे उभारण्याची तरतूद केली. ती योग्यच आहे; आराइहाजारच्या पाहणीने तिचे मोलही अधोरेखित केले आहे. आता पुढचे पाऊल टाकायला हवे. प्रत्येक संयंत्राच्या मंजुरीतच त्यातून निघणाऱ्या गाळाची मोजदाद, गोळा करण्याची व्यवस्था आणि अंतिम विल्हेवाट यांची तरतूद व खर्च बंधनकारक असावा. त्या गाळाची चाचणी प्राणवायूविरहित, जिवाणूंसह आणि दीर्घ मुदतीची असावी. सुरक्षित ठरलेल्या खोल कूपनलिकांची वर्षातून किमान एकदा पुनर्तपासणी व्हावी आणि तीत आर्सेनिकसोबत लोहाचीही नोंद ठेवली जावी, म्हणजे कुलूप सैल होत असल्याची सूचना वेळेवर मिळेल. खोल पाण्याचा सिंचनासाठीचा उपसा बाधित जिल्ह्यांत तरी थांबवावा.

यातील कोणत्याही उपायासाठी नव्या शोधाची वाट पाहावी लागणार नाही. लागणारे ज्ञान गेल्या तीन-चार दशकांत जमा झाले आहे आणि त्याचा मोठा भाग बंगालच्याच गाळातून आला आहे. पहिल्या चुकीच्या वेळी, हातपंप रोवताना, जमिनीखाली काय चालते हे ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय होती. यापुढे ती सोय कोणत्याही सरकारला उरलेली नाही.